अंगणातलं प्लास्टिकचं गवत फेकू नका, ठिगळ लावा

संपादक साहेब, स.न.वि.वि.
आपल्या जळगावात हल्ली बऱ्याच अंगणांत आर्टिफिशियल ग्रास दिसतं, आमच्याकडेही आहे, पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की त्यावर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही, आणि तीन उन्हाळ्यांतच गेटजवळ जिथे स्कूटी वळते तिथली पाती झडून खालचं काळं बॅकिंग उघडं पडलं. दुकानदार म्हणे सगळंच बदला. म्हटलं, कशाले!

माळ्यावर उरलेला तुकडा होता. खराब भाग कटरने कापला, खालची दगडाची चुरी पाणी मारून धुमसाने ठोकली, मग तो तुकडा बसवून जोडाखाली सीम टेप (जोडपट्टी) आणि ग्लू लावला. पहिल्यांदा पात्यांचा कल उलटा बसला, ठिगळ रस्त्यावरून दिसायचं (शेजारच्या काकू हसल्याच), परत उचकटून फिरवलं. ग्लू वाळल्यावर सिलिका सँड (बारीक कोरडी वाळू) टाकून झाडूने उलटं झाडलं, तेव्हा पाती उभी राहिली.

बाकी लोकं जुने रोल सरळ नाल्याकाठी टाकतात नाहीतर पेटवतात, तो धूर आमच्या खिडकीत येतो, म्हणून हे पत्र.

– एक वाचक, जळगाव