खंडोबाचा किडा आणि तुझा ताप

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोन मध्येच तुटला आणि नंतर लागलाच नाही. म्हणून लिहून पाठवतोय, रेंज आली की वाच. ताप उतरला का? आई म्हणाली, तापाचं काही लिहू नका, पोरगी चिडते. तर नाही लिहीत.

मागच्या दारच्या कढीपत्त्यावर खंडोबाचा किडा, तुमच्या भाषेत मँटिस, आलाय. मादी असावी, पोट चांगलंच जड आहे. आई फोडणीसाठी पानं तोडायला गेली, तर हातापासून वीतभर अंतरावरच्या एका पानाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं! मी मग खुर्ची टाकून तिथेच बसलो. त्या मादीच्या डोळ्यात काळा ठिपका दिसतो. मी डावीकडे सरकलो की ठिपका डावीकडे, उजवीकडे सरकलो की उजवीकडे. ते बुबुळ नव्हे, ज्या बारीक भिंगांतून आपल्याला थेट आतपर्यंत दिसतं तेवढीच जागा काळी भासते, हे तूच समजावलं होतंस. कळतं, तरी ती आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटतंच. तुझं जुनं भिंग काढलं तेव्हा कपाळावरचे तीन बारके डोळेही दिसले.

वारा नव्हता, तरी ती पान हलावं तशी डुलत होती. एक छोटा नाकतोडा जवळ आला. तिने झडप घातलेली मला दिसलीच नाही, दिसलं ते एवढंच की तो तिच्या पुढच्या पायांच्या काट्यांत अडकलाय. तो मागचे पाय झाडत होता आणि हिने खायला सुरुवातही केली होती. पंख तेवढे खाली टाकले. मग एकेक पाय तोंडातून ओढून काटे साफ केले, अगदी सावकाश.

तू जेवतेस ना? तापात तोंडाला चव नसते, पण पेज तरी घे. आणि रक्त तपासून घे. मलेरियाचा ताप उतरतो आणि परत चढतो, त्यामुळे बरं वाटलं म्हणून तपासणी टाळायची नसते. नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नकोस. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचत जा. बरोबरच्या मुलांना सांगून ठेव, रात्री अंग तापलं तर... झालं, सुरू झालं माझं भाषण. माफ कर. जंगलात कसं राहायचं ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

तिसरीत असताना तू कुंपणावरून अशाच एका किड्याच्या अंड्यांचा कोष आणून हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवला होतास, झाकणाला दाभणाने भोकं पाडून. ती भोकं मोठी झाली होती. एका सकाळी मच्छरदाणीभर पिल्लं! मुंगीएवढी, पण पुढचे पाय तेव्हाच दुमडलेले. काकू किंचाळली, आजीने मात्र एकालाही मारू दिलं नाही, ‘खंडोबाचे आहेत ते’ म्हणून. त्यातलं एक कात टाकायला उलटं लटकलं तेव्हा तू आम्हाला पंखाही लावू दिला नाहीस. पडलं तर पाय वाकडे राहतील म्हणालीस. आठ वर्षांच्या पोरीला हे कुणी सांगितलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

परवा पतपेढीत एकाने विचारलं, मुलगी किडे बघते म्हणजे नक्की काय करते? मी त्याला इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचं ऐकवलं. २०१६ साली तिथल्या संशोधकांनी या किड्याच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणाने निळा-हिरवा चष्मा चिकटवला, त्याला पडद्यावर भक्ष्य दाखवलं आणि त्याला आपल्यासारखंच दोन्ही डोळे मिळून अंतर कळतं हे दाखवून दिलं. म्हटलं, माझी मुलगी असल्या कामातली आहे. गृहस्थ गप्प झाले. या किड्याच्या छातीला खाली एकच कान असतो आणि त्याने वटवाघळाची चाहूल लागते, हेही सांगणार होतो, पण माझा नंबर आला.

तुमच्या तंबूजवळ पाणी साचतं का? एवढं एकच विचारतो. डॉक्टर किती लांब आहे, तेही.

काल कढीपत्त्यावरच्या मादीने फांदीवर अंड्यांचा फेस घातला. डोकं खाली करून, शेपटाकडची बाजू इकडून तिकडे हलवत, बराच वेळ चाललं होतं. आज तो वाळून बदामी, कडक झालाय. आईला कढीपत्ता छाटायचा आहे. ती फांदी तेवढी ठेवू, की कापून दुसरीकडे बांधली तरी चालेल? पिल्लं थंडीतच निघतील की उन्हाळ्यापर्यंत थांबतील, तेही सांग. तुझं उत्तर येईपर्यंत कोयता मी माळ्यावर टाकलाय.

रक्ताचा रिपोर्ट आला की आधी मला पाठव. आईला मी सांगेन.

तुझे,
बाबा