न दिसलेला सिग्नल

सोलापूर,
कार्तिक वद्य

प्रिय दोस्ता,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला सलग दोन वाक्यं बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. तब्येत ठीक. शुगर जिथल्या तिथं, गुडघा थंडीत कुरकुरतो. हीसुद्धा बरी आहे.

आता मुद्द्याचं. धाकट्याचा परवा सकाळी फोन आला. इंजिनवरची असिस्टंट ड्रायव्हरची ड्युटी संपवून नुकताच रनिंग रूमवर विश्रांतीला पोचला होता. तिकडं कानपूर-इटावा पट्ट्यात पाऊस झाला म्हणे, दिवाळीनंतरचा. तुला माहीतच आहे तो पाऊस. भूमध्य समुद्राकडनं निघालेला पश्चिमी विक्षोभ इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतो आणि पंजाब-हरियाणा भिजवत पुढं सरकतो. पाऊस उघडला, आभाळ निवळलं, वारा पडला आणि रात्री त्या ओल्या जमिनीवर धुकं बसलं. खाली पाणी पाजलेली गव्हाची रानं, वर धूर, उत्तरेला हिमालयाचा आडोसा. हवा हलणार कुठनं?

पोरगा म्हणाला, "बाबा, हेडलाइट लावला की समोर पांढरी भिंत. काच आतनं पुसली की बाहेरनं भरते, बाहेरनं वायपर मारला की आतनं. शेवटी खिडकीतनं डोकं काढून बसलो, तर भुवयांवर पाणी जमलं." मी हूं हूं करत होतो. मग तो सहज बोलून गेला, "एका ठिकाणी ड्रायव्हर साहेब म्हणाले 'हिरवा'. मी पण म्हणालो 'हिरवा'. मला दिसला नव्हता खरं तर."

तेव्हापासनं माझी झोप उडालीय.

सिग्नल हिरवाच होता. गाडी नीट पोचली, कुणी कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, मग झालं काय? तुला तसं वाटणार नाही म्हणून तुला लिहितोय. दोघांनी सिग्नल मोठ्यानं बोलायचा तो कशासाठी? एकाचे डोळे चुकले तर दुसऱ्याचे असावेत म्हणून. दुसऱ्यानं नुसता पहिल्याचा शब्द उचलला तर कॅबमध्ये माणसं दोन आणि डोळे एकाचेच.

हवामान खातं पन्नास मीटरच्या आत दिसेनासं झालं की त्याला अति दाट धुकं म्हणतं. आपली मालगाडीच सहा-सातशे मीटर लांब असते, आणि भरलेली असली की उभी राहायला किलोमीटरभर घेते. म्हणजे दिसल्यावर थांबू म्हणायला वावच नाही, आधीच्या पिवळ्या सिग्नलवरच सगळं ठरायचं. आता त्यांना जीपीएसवालं फॉग सेफ डिव्हाइस दिलंय. ते बोलून सांगतं, पुढं अमुक सिग्नल येतोय, फाटक येतंय. चांगलंच आहे, आपल्या वेळी नव्हतं. पण ते सिग्नल कुठं आहे तेवढंच सांगतं, लाल आहे की हिरवा ते सांगत नाही. गाडीला आपोआप ब्रेक लावणारी ती 'कवच' यंत्रणा बसली की कॅबमध्येच सिग्नलचा रंग दिसणार आहे, पण ती सगळीकडं बसेपर्यंत रंग माणसानंच बघायचा आहे ना?

तुला पारेवाडीच्या पुढची ती रात्र आठवते? उजनीच्या पाण्यावरनं आलेलं धुकं होतं. तू म्हणालास हिरवा, मी म्हणालो मला दिसला नाही. तू म्हणालास, "मला दिसला ना बे, बास की." मी परत म्हणालो, दिसला नाही. तू चिडून गाडी पार रांगत आणलीस, आणि निघाला हिरवाच! दौंडपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस, चहासुद्धा एकट्यानं प्यालास. त्यात तुझी ती माकडटोपी, कानावरनं हनुवटीपर्यंत ओढलेली. सिग्नल जवळ आल्याची खूण म्हणून धुक्यात रुळावर लावतात तो फटाका फुटला असता तरी तुला वाटलं असतं, कुठंतरी लग्न आहे. आणि दुसऱ्या दिवशी लॉबीत सगळ्यांसमोर म्हणालास, "मला असिस्टंट हाच द्या." अण्णा अजून सांगतात ते.

त्या रात्री गाडी रांगत आणलीस ते बरोबरच होतं, असं मी आजही म्हणतो. तू आजही म्हणशील, बारा मिनिटं वाया गेली. जाऊ दे.

पोरगा भित्रा नाही रे, आळशीही नाही. मोठ्यांच्या शब्दाला शब्द लावायचा नाही, हे घरात, शाळेत, गल्लीत ऐकतच आपली पोरं वाढतात. त्याचे साहेब वयानं माझ्याएवढे, वीसेक वर्षं त्याच लाइनवर. त्यात हा नवा, परमुलखातला. तो कोणत्या तोंडानं म्हणेल, साहेब, मला दिसला नाही? मला त्याचं हेच कळतं आणि ह्याचीच भीती वाटते.

हिला यातलं काही माहीत नाही. तिची समजूत अशी, की धुकं म्हणजे आपल्या हिप्परगा तलावाच्या कडेचं, उन्हं वर आली की विरणारं. तिकडं दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही, ऊन जमिनीला पोचत नाही म्हणून दिवसही तापत नाही, हे तिला कुठं ठाऊक? ऑक्टोबरात तो दिवसा पंखा आणि रात्री पांघरूण म्हणत होता, आता दिवसाही स्वेटर उतरत नाही. इथं अजून दुपारचं ऊन चावतंय, रात्रीला एक चादर पुरते. सकाळी दव पडतंय म्हणून माझा भाऊ खूश. मालदांडी ज्वारी कमरेला लागलीय. त्याच्या तोंडून थंडीचं कौतुक ऐकलं की मला पोरगा आठवतो, आणि मी उठून अंगणात जातो.

तर काम असं, की तू त्याच्याशी बोल. माझ्याकडनं गेलं की ती बापाची काळजी होते, "हो बाबा" म्हणून मोकळा होतो. तू ड्रायव्हर आहेस, तिकडचे हिवाळे काढलेस, तुझं ऐकेल. त्याला सांग, दिसला नाही तर मोठ्यानं म्हण 'दिसला नाही'. साहेब चिडले तर चिडू देत, गाडी लेट झाली तर होऊ दे. धुक्यात ताशी 75 किलोमीटरच्या वर जायचं नाही म्हणजे 75 नं जायचंच असं नव्हे. पारेवाडीचं सांगितलंस तरी चालेल, फक्त खरं सांग, तुझ्या बाजूनं फिरवू नकोस. आणि मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नकोस.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? ताईचं ते स्थळ पुढं सरकलं की नाही? भाडेकरूनं खोली सोडली असेल तर बरंच झालं, मी तेव्हाच म्हणालो होतो. गड्ड्याच्या जत्रेला या दोघं, नंदीध्वज बघून बरीच वर्षं झाली तुला. शेंगाचटणी मामांच्या पोराबरोबर पाठवतोय.

धाकट्याला रविवारी रेस्ट आहे. सकाळी झोपू दे त्याला, दुपारी दोननंतर फोन कर. तो काय म्हणाला ते मला लगेच कळव, हवं तर तेव्हा फोनवर तूच बोल, मी ऐकतो.

तुझाच,
जुना असिस्टंट