चिन्मयचे दोन टेररिस्ट

लिस्बन

प्रिय ताई,

तू सावंतवाडीहून चवथीला फोंड्याला पोचलीस, गणपतीवरची माटोळीही बांधून झाली, हे व्हिडिओ कॉलवर पाहिलं. बाबांनी फोन घरभर फिरवला. सोप्यावर चिन्मय मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. "मामा, थांब, दोनच टेररिस्ट उरलेत!" कुठले रे, विचारलं. "कुठले म्हणजे? टेररिस्ट!" तेवढ्यात बाबा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे, कारण माझी भाकरी यावरच. गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. सध्याचा गेम युद्धाचा. आपल्या बाजूच्या शिपायांना नावं आहेत, घरून आलेली पत्रं आहेत, मरताना दोन मिनिटं बोलायची सोय आहे. पलीकडच्यांच्या वाट्याला नऊ आरोळ्या. मोजल्यात मी. किंकाळी तर सगळ्यांना मिळून एकच. चेहरे चार, बाकीच्यांच्या तोंडाला फडकं. चेहरा घडवायला पैसा लागतो ना! परवा मी चूक नोंदवली की दुकानाच्या पाटीवरची अरबी अक्षरं सुटी सुटी आणि डावीकडून उजवीकडे लागलीत. उत्तर आलं, "खेळणारा गोळ्या झाडतो, पाट्या वाचत नाही." विषय संपला.

अमेरिकेच्या सैन्याने 2002 मध्ये भरतीसाठी 'अमेरिकाज आर्मी' नावाचा गेम फुकट वाटला होता. त्यातली युक्ती ऐक. दोन्ही बाजूंनी खरी माणसं खेळायची, पण प्रत्येकाला आपली तुकडी अमेरिकन दिसायची आणि समोरची शत्रूची. म्हणजे तू मला शत्रू दिसणार, मी तुला. शत्रू म्हणून कुणी खेळतच नव्हतं!

'कॉल ऑफ ड्यूटी'च्या 2019 च्या भागात 'हायवे ऑफ डेथ' आहे. कुवेतहून माघारी निघालेल्या इराकी ताफ्यांवर 1991 मध्ये अमेरिका आणि तिच्या दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकले, त्या रस्त्याचं हे नाव. गेममध्ये देश काल्पनिक आणि बॉम्ब टाकणारे रशियन. रशियात त्यावरून ओरड झाली, ती उगाच नव्हती. आणि आपण तरी कुठे मागे आहोत? 26 जानेवारी 2021 ला आलेल्या 'फौजी' या आपल्याकडच्या गेममध्ये गलवानची चकमक होतीच.

ताई, आजोबांचा पाखलो, तो पोर्तुगीज शिपाई, आठवतो तुला? 1961 च्या डिसेंबरात पोर्तुगीज शरण आले, तीन हजारांवर सैनिक कैद झाले, त्यांतले काही आपल्या फोंड्याच्या कॅम्पात होते. आजोबांचा राग पक्का होता. धाकट्या भावाला मार खाताना त्यांनी पाहिलेलं. पाखले कसे दिसतात कैदेत, ते बघायलाच गेले होते म्हणे. तर एक पोरगा काटेरी तारेवर शर्ट वाळत घालत होता आणि वाऱ्याने तो सारखा पडत होता. चौथ्यांदा पडला तेव्हा आजोबांनी अलीकडून बाही धरली. मग विडी दिली. त्याला असा ठसका लागला की पहारेकरीसुद्धा हसला. "राग गेला का हो?" मी विचारलं होतं. "छे! पण शर्ट पडत होता ना," म्हणाले.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने त्या पोरांसाठी गोव्याच्या गव्हर्नरला तार पाठवली होती, जिंका नाहीतर मरा. मे 1962 मध्ये ती पोरं कराचीमार्गे परत आली, तेव्हा इथे त्यांचं स्वागत बंदुका रोखून झालं.

चिन्मयचा मोबाइल काढून घेऊ नकोस, मामाचा पगार त्यातूनच येतो. फक्त तो कॅम्प नेमका कुठे होता ते बाबांना विचार आणि त्याला घेऊन एक फेरी मारून ये. फोटो पाठव. पातोळ्यांचाही.

बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

तुझा,
बाळू