फौजी तात्यांचं दुकान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात कराडच्या एका जुन्या सायकल दुकानदाराच्या निधनाची चार ओळींची बातमी आली, त्यात माजी सैनिक एवढाच उल्लेख होता. बातमीत चूक काहीच नाही पण वाचून राहवेना म्हणून लिहितोय. घरच्यांना गाजावाजा नकोय त्यामुळे नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना फौजी तात्याच म्हणायचो.

तात्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणचे. 1768 सालची पलटण आहे आमची, हे कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. 71 च्या युद्धात ते जमालपूरला होते, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात. त्याबद्दल मात्र फार बोलायचे नाहीत, मला एकदाच सांगितलं, सायकलच्या चाकाचे छर्रे रॉकेलमधे धूत बसले होते तेव्हा, की आपल्या ब्रिगेडियरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर समोरच्या पाकिस्तानी कर्नलनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली, आणि मग 10 डिसेंबरच्या रात्री ते लोक निसटायला म्हणून बाहेर पडले ते थेट आमच्या पलटणच्या तोंडावर आले. एवढं बोलून गप्प झाले आणि छर्रे पुसायला लागले. जमालपूर पडलं, 16 तारखेला ढाका पडलं, हे सगळ्यांना माहितीये, पण ती रात्र त्यांनी कधीच पूर्ण सांगितली नाही आणि मीही परत विचारलं नाही.

1982 ला पेन्शनवर आले आणि दुकान टाकलं. आमच्या पिढीतली निम्मी पोरं तात्यांच्या तासाने मिळणाऱ्या भाड्याच्या सायकलवर शिकली, पडली की सायकलच्या आधी गुडघा बघायचे. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर तात्यांनीच. दुकान वर्षातून एकच दिवस बंद, 71 च्या विजयाच्या आठवणीत कराडला विजय दिवस साजरा होतो त्याला, त्या दिवशी मेडल लावून जायचे.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. पंक्चरच्या घमेल्याशेजारी एक बाकडं होतं, त्यावर आसपासच्या गावातल्या फौजींच्या बायका, बऱ्याचशा विधवा, कागदांची पिशवी घेऊन बसलेल्या असायच्या. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात ना, मग नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शनला दोन्ही नावं जुळत नाहीत. हा घोळ तात्यांनी किती जणींचा सोडवला असेल! प्रतिज्ञापत्र कुठं करायचं, बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा लिहायचा, नवऱ्याचा आर्मी नंबर कुठं बघायचा, सगळं ग्रीसचे हात पुसून स्वतः लिहून द्यायचे, एक रुपया घेतला नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला तर रांग लागायची. माझ्या चुलतीचं पेन्शन दीड वर्ष अडकलेलं, ते तात्यांच्या चार अर्जांनंतर सुरू झालं, पहिल्या पेन्शनचे पेढे घेऊन ती दुकानात गेली तर एक पेढा घेतला आणि बाकीचे भाड्याच्या सायकली न्यायला आलेल्या पोरांना वाटून टाकले.

आठ दिवसांपूर्वी त्यांच्या मुलाने मला तात्यांची वही दाखवली. झालेल्या कामापुढे लाल टिक. शेवटच्या पानावर दोन नावांपुढे टिक नाहीये, त्यातल्या एका मावशींचे कागद मी या सोमवारी घेऊन जातोय.

ज्यांची कामं तात्यांकडे होती त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून पत्र छापा ही विनंती. दुकान मुलगा चालवतोय, बाकडं आहे तिथंच आहे, रविवारी सकाळी मी आणि पलटणचे दोन रिटायर्ड हवालदार तिथं बसतो. येताना पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि बँकेचं पासबुक बरोबर आणावं.

आपला,
एक वाचक, कराड