एका पानापायी अख्खे कपाट बंद?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायबर गुन्ह्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. फसवणुकीची उदाहरणे वाचून काटा आला, पण शेवटच्या परिच्छेदाशी अडखळलो. संगणकातल्या त्रुटी आणि त्यांतून आत शिरण्याची साधने उघड मांडणारे ऑनलाइन संग्रह सरकारने सरसकट बंद करावेत, असे लेखकाने सुचवले आहे. असा एक संग्रह बंद पडला तेव्हा मी हात पोळून घेतलेले आहेत, म्हणून हे पत्र.

गोष्ट १९९९ची. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा तेव्हा माझ्याकडे होती. आमचा सर्व्हर म्हणजे पीसीक्वेस्ट मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून चढवलेली लिनक्स ही संगणकप्रणाली आणि फायलींच्या देवाणघेवाणीसाठी (एफटीपी) त्यावर डब्ल्यूयू-एफटीपीडी हा प्रोग्रॅम. जुलैतल्या एका सोमवारी पासवर्डची फाइल उघडली, तर तळाशी एक अनोळखी ओळ. नाव कुणाचे ते ठाऊक नाही आणि वापरकर्ता क्रमांक शून्य. लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे घराचा मालक. कुणीतरी रात्रीतून आत शिरून सातबाऱ्यावर स्वतःचे नाव चढवून गेले होते.

प्राचार्यांचे फर्मान आले, नेटची तार काढा. काढली. पण चोर शिरला कुठून, हे कळल्याशिवाय ती परत जोडायची कशी? अशा वेळी आमच्यासारखे लोक पॅकेट स्टॉर्मकडे धावत. केन विल्यम्स या अमेरिकी विद्यार्थ्याने १९९८मध्ये सुरू केलेला हा संग्रह. कुठल्या प्रणालीत कोणते भोक सापडले, त्यातून आत कसे शिरतात आणि ते बुजवायचे कसे, हे सगळे तिथे एका जागी आणि फुकट मिळे. टिळक रस्त्यावरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसलो, पत्ता टाकला, पान उघडेना. ‘लाइन खराब असेल सर,’ म्हणत कॅफेतल्या पोराने मोडेम दोनदा बंद-चालू केला. लाइन ठणठणीत होती. संग्रहच जागेवर नव्हता.

कारण मागाहून वाचनात आले. संग्रह नुकताच हार्वर्ड विद्यापीठाच्या सर्व्हरवर हलवला होता. दुसऱ्या एका सुरक्षाविषयक संकेतस्थळाच्या चालकाने हार्वर्डकडे तक्रार केली. तक्रार संग्रहातल्या साधनांबद्दल नव्हतीच. एका कोपऱ्यात त्या गृहस्थांची खिल्ली उडवणारा वैयक्तिक मजकूर ठेवलेला होता, त्याबद्दल होती. तो कोपरा झाडून टाकता आला असता. हार्वर्डने जूनअखेरीस सगळेच बंद केले. उंदीर मारायला धान्याचे कोठार पेटवण्यातला प्रकार. (विल्यम्स यांनीही तो मजकूर तिथे ठेवायला नको होता, हे मान्य. ग्रंथालयाच्या कपाटात कुणी भांडणाची पत्रे ठेवत नाही.)

आम्ही मग अंधारात चाचपडत सर्व्हर पुसला, सगळे नव्याने भरले, एफटीपी कायमचे काढून टाकले. तीन रात्री गेल्या आणि तरी खात्री नव्हती. त्याच वर्षी क्रॉल-ओगारा या कंपनीने, तिच्या सिक्युरिफाय या शाखेमार्फत, पॅकेट स्टॉर्म पुन्हा उभा केला. परत आलेल्या संग्रहात शोधल्यावर वीस मिनिटांत सापडले: डिरेक्टरीचे (फायलींच्या कप्प्याचे) नाव प्रमाणाबाहेर लांब दिले की आमच्याकडच्या डब्ल्यूयू-एफटीपीडीचा तोल जायचा आणि आत शिरायला वाट मिळायची. दुरुस्तीही शेजारीच होती. जुलैत ते पान उघडले असते तर तीन रात्री वाचल्या असत्या.

परतल्यावर या संग्रहाने काय केले, तेही लेखकाने पाहावे. हल्ले रोखायचे कसे, या विषयावर त्याने १० हजार डॉलरची निबंधस्पर्धा लावली. बक्षीस मिळाले जर्मनीतल्या ‘मिक्स्टर’ या टोपणनावाच्या तरुणाला, आणि हजारो संगणकांकडून एकाच लक्ष्यावर मारा करणारे टीएफएन हे साधन लिहिणारा हाच पठ्ठ्या! चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तेव्हाही पुष्कळांनी नाक मुरडले. पण फेब्रुवारी २०००मध्ये याहू, ईबे, ॲमेझॉन, सीएनएन अशाच प्रकारच्या माऱ्याने एकामागून एक कोलमडली, तेव्हा या साधनांची चिरफाड करून लिहिलेली टिपणे आधीच उघड्यावर होती आणि जगभरच्या प्रशासकांना ती वाचता येत होती.

अशा संग्रहांतून उतरवलेल्या साधनांनी टवाळ पोरे उपद्रव करतात, हे खोटे नाही. आमच्याच प्रयोगशाळेत दोघांना पकडले होते. पण झाकून ठेवल्याने काय होते, तेही आपल्या दाराशी येऊन गेले आहे. जून २०१७मध्ये नॉटपेट्या या संगणक-विषाणूने न्हावाशेव्याच्या बंदरातले मर्स्क समूहाचे कंटेनर टर्मिनल ठप्प केले. त्याने वापरलेले विंडोजमधले भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने वर्षानुवर्षे स्वतःच्या तिजोरीत ठेवले होते. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती आली ती थेट मार्च २०१७मध्ये, आणि एप्रिलमध्ये त्या भोकातून शिरण्याचे एनएसएचे हत्यार चव्हाट्यावर आले. तितकी वर्षे ते भोक जगातल्या प्रत्येक कार्यालयात उघडे होते, आणि बुजवणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

‘सरसकट’ या शब्दाचा अनुभवही आपल्याला आहे. डिसेंबर २०१४मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या सांगण्यावरून देशात ३२ पत्ते बंद झाले. रोख होता आयसिसच्या प्रचारावर, पण यादीत प्रोग्रॅमर आपले काम ठेवतात ते गिटहब, मजकूर चिकटवून ठेवण्याचे पेस्टबिन, व्हिडिओंचे व्हिमिओ आणि जुनी वेबपाने जपणारे इंटरनेट आर्काइव्ह यांचेही पत्ते निघाले. वर्षअखेरीपासून त्यातले काही खुले झाले. दरम्यान गिटहबवर अडकलेल्या प्रोग्रॅमरांच्या शिव्या मी आमच्या सोसायटीच्या जिन्यात ऐकल्या आहेत.

तेव्हा लेखकाला विनंती एवढीच, की बंदी मागायची तर पानाचे नाव घेऊन मागावी. कुठला मजकूर, कुठल्या कलमाखाली, ते लिहावे. परवानगी नसताना दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्याला धरायला माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३ आणि ६६ आहेतच, ती त्या माणसावर लावावीत. आणि एवढे करूनही एखादा संग्रह खाली उतरवायचाच असेल, तर त्याची प्रत आधी कुठल्यातरी विद्यापीठात ठेवून घ्यावी. हार्वर्डकडे निदान प्रत होती, म्हणून ती परत मिळाली.

परतलेल्या संग्रहातला बराच भाग मी २०००मध्ये मोडेमवरून उतरवला आणि मित्राकडच्या रायटरवर सीडी करून ठेवली. परवा ती नव्या संगणकात घातली तर अँटिव्हायरसने अर्ध्या फायली उघडूच दिल्या नाहीत. प्रत्येकीचे नाव त्याला पाठ होते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळाप्रमुख, पुणे