उतारावरचा ट्रॅक्टर: लेकीला पत्र

प्रिय लेकी,

नवा ट्रॅक्टर हाताखाली रुळला हे वाचून बरं वाटलं. फक्त तुझं एक वाक्य मला टोचलं: "पेडलवरून पाय उचलला की जागच्या जागी उभा राहतो, ब्रेकची गरजच पडत नाही." सपाटीवर हे सोळा आणे खरं आहे. उतारावर ते कधी खरं असतं, कधी नसतं, आणि कधी नसेल हे आधी ओळखता येतं. गिअरबॉक्स उघडण्यात माझी हयात गेली, तेव्हा एवढं लांबलचक पत्र लिहिण्याचा हक्क मला आहे असं समज.

तुझ्या पेडलखाली गिअर नाहीत, तेल आहे. इंजिन एक पंप फिरवतं. त्या पंपात पिस्टन असतात आणि त्यांच्या तोंडाशी एक कलणारी तबकडी. पेडल दाबलंस की तबकडी कलते, तेल मोटरकडे जातं आणि मोटर चाकं फिरवते. पाय उचललास की तबकडी सरळ होते आणि तेल वाहायचं थांबतं. मग उतारावर चाकंच मोटरला फिरवू बघतात, पण मोटरने ढकललेल्या तेलाला जायला वाट नसते. कोंडलेलं तेल चाकांना धरून ठेवतं. तुझा 'आपोआप' ब्रेक तो हाच.

ही पकड सुटायच्या वाटा मात्र बऱ्याच आहेत. मोटर आणि चाकं यांच्यामध्ये कमी-जास्त वेगाचे (लो, हाय) थोडे गिअर असतात, त्यांना रेंज म्हणतात; रेंजचा लिव्हर न्यूट्रलमध्ये गेला की मोटर आणि चाकं यांचा संबंधच तुटतो; कोंडलेलं तेल तिकडे आणि मोकळी चाकं इकडे. म्हणून उतारावर रेंज बदलायची नाही, कितीही हळू चालत असलीस तरी. रेंज सपाटीवर, पूर्ण थांबून टाकायची आणि लिव्हर खाचेत नीट बसला आहे याची हाताने खात्री करायची; अर्धवट बसलेला गिअर भार आला की निसटतो. उतरताना लो रेंजच हवी. हाय रेंजमध्ये चाकांचा तोच रेटा मोटरवर जास्त दाब आणतो, आणि दाब फारच वाढला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेलाला वाट करून देतो. तेल तापून पातळ झालं की पिस्टनांच्या फटींतून जास्त झिरपतं, मग पाय वर असूनही ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी सरकतो. इंजिन बंद असताना तर झिरपलेलं तेल भरून काढणारा छोटा चार्ज पंपही थांबतो. म्हणून 'रेंजमध्ये टाकून उभा केला' याला मी उभा करणं म्हणतच नाही.

पण हे सगळं दुय्यम. मुख्य गोष्ट वेगळीच आहे आणि ती सहसा कुणी समजावत नाही. पेडलची पकड असो की पायाचा ब्रेक, तुझ्यासारख्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत दोन्ही मागच्याच चाकांवर काम करतात. पुढच्या चाकांना स्वतःचा ब्रेक नसतो. फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असेल तरच मागची पकड शाफ्टमधून पुढे पोचते. आणि ब्रेक कितीही दणकट असला तरी चाक जमिनीला धरणार ते त्याच्यावर जेवढं वजन आहे त्याच्या हिशेबात.

थोडं गणित करू. समजा लोडर, म्हणजे पुढची बकेट आणि तिला उचलणारे हात, धरून ट्रॅक्टर १२०० किलोचा आहे आणि त्यातले ६६० किलो मागच्या चाकांवर आहेत. पुढच्या आणि मागच्या आसांत १.६ मीटर अंतर. बकेटमध्ये ३५० किलो माती भरलीस आणि ती पुढच्या आसाच्या १.१ मीटर पुढे आहे. तरफेच्या नियमाने ती माती मागच्या चाकांवरचं सुमारे २४० किलो वजन उचलून घेते. म्हणजे एकूण १५५० किलोपैकी मागे उरले ४२०. ही सपाटीची गोष्ट झाली. आता तोंड खाली करून १२ अंशांचा उतार उतर, म्हणजे दर १०० मीटरला साधारण २१ मीटर खाली. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरला तर वजन आणखी पुढे सरकतं आणि मागच्या चाकांवर जेमतेम २७० किलो राहतात. ट्रॅक्टरला खाली ओढणारं बळ मात्र ३२० किलोच्या वजनाएवढं! मागच्या चाकांनी २७० किलो वजनावर ३२० किलोची ओढ अडवायची, तर घर्षणांक, म्हणजे पकड भागिले वजन, १ च्या वर हवा. तसली पकड कुठल्याच मातीत किंवा गवतात मिळत नाही. तू पाय उचलशील, चाकं फिरायची थांबतीलही, आणि ट्रॅक्टर थांबलेल्या चाकांसकट घसरत खाली जाईल.

कधी कधी तर याहून विचित्र घडतं. मागचं एक चाक हलकं होऊन जमीन सोडतं. डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरांची जोडणी, मोकळा असला की ते उचललेलं चाक उलटं फिरू लागतं, जमिनीवरचं चाक सुलटं, आणि तेलाने धरलेली मोटर मध्ये शांत उभी. यंत्राच्या लेखी ट्रॅक्टर थांबलेला आहे, आणि तू खाली चालली आहेस. डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन्ही पायब्रेक एकदम दाबले तर हा उलटा खेळ बंद होतो, कारण ब्रेक दोन्ही बाजूंच्या शाफ्टना वेगवेगळे धरतात. दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफ लॉकही तेच साधतो, पण सरळ जातानाच. तो लावून वळायचं नाही.

याच गणितात फोर व्हील ड्राइव्ह लावून बघ. आता चारही चाकं धरतात, त्यांच्यावर मिळून सगळं वजन आहे आणि घर्षणांक लागतो फक्त ०.२१. ओल्या गवतावर तेवढाही भरवशाचा नसतो, पण कोरड्या जमिनीवर सहज मिळतो. म्हणजे फोर व्हील ड्राइव्हचा तो छोटासा लिव्हर चढण्यापेक्षा उतरताना जास्त मोलाचा. उतार सुरू व्हायच्या आधी तो लागलेला असला पाहिजे. घसरायला लागल्यावर त्याला हात घालणं बहुतेक मॉडेलांत फुकट जातं.

दुसरा उपाय मागच्या वजनाचा. मागच्या लिफ्टवर ३०० किलोचं वजन, आसाच्या ९० सेंटिमीटर मागे लटकवलंस तर त्याच उतारावर मागच्या चाकांवर २७० ऐवजी ७०० किलो येतात. ओढही वाढते, ३८५ च्या आसपास, पण हिशेब एकदम आवाक्यात येतो. लोडर वापरताना मागे वजन हवंच हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि लोक ते पान उलटून पुढे जातात कारण वजन लावणं-काढणं कटकटीचं आहे. कटकटीचं आहेच.

तिसरा उपाय फुकटचा आहे: भरलेली बकेट असेल तर पाठीमागे उतर. बकेटचं तोंड चढाकडे, मागची चाकं उताराकडे. आता उतारच वजन मागच्या चाकांवर टाकतो. आपल्या हिशेबात २७० चे ५५० किलो होतात. जड बाजू नेहमी चढाकडे, हा जुन्या माणसांचा नियम यातूनच आला असावा. पण तो आंधळेपणाने लावू नकोस. बकेट रिकामी आणि मागे जड औजार उचललेलं असेल तर जड बाजू मागची. मग तोंड खाली करून उतरायचं आणि चढायचं असेल तर रिव्हर्समध्ये चढायचं. अशा वेळी तोंड वर करून चढलीस आणि पेडल झटक्यात दाबलंस, तर पुढची चाकं उचलतात. मागे उलटणारा ट्रॅक्टर परत न सावरण्याच्या बिंदूला पाऊण सेकंदात पोचतो असं प्रशिक्षणात शिकवतात. पाऊण सेकंदात तुझा पाय जागचा हलणारही नाही.

तरीही सुटलाच तर?

पाय पेडलवरून काढ आणि दोन्ही ब्रेक एकत्र, जोराने पण झटका न देता दाब. डावा-उजवा ब्रेक जोडणारी कडी उतारावर कायम लावलेली असू दे. एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जाऊन आडवा होतो, आणि सुटलेला ट्रॅक्टर आडवा झाला की पुढचं काम उतारच करतो. क्रूझ, म्हणजे पाय न लावता वेग धरून ठेवणारी सोय, लावलेला असेल तर तोही बऱ्याच मॉडेलांत दोन्ही ब्रेक एकदम दाबल्यावरच सुटतो. खरं तर उतारावर क्रूझ लावायचाच नाही.

त्याच वेळी बकेट खाली सोड. सपाट टेकव, टोक जमिनीत रुतेल अशी वाकवू नकोस. बकेट टेकली की मातीचं वजन जमीन पेलते आणि मागच्या चाकांचं वजन त्यांना परत मिळतं. मात्र टेकल्यावर आणखी दाबलीस तर पुढची चाकं अधांतरी होतील, मग स्टिअरिंगही गेलं आणि फोर व्हीलचा उपयोगही गेला. मागच्या औजाराचं निराळं आहे. मातीत रुतणारं असेल तर सोड, ते नांगरासारखं धरेल. नुसतं वजन म्हणून लावलेलं असेल तर वरच ठेव, ते टेकवलंस तर मागची चाकं पुन्हा हलकी होतात.

स्टिअरिंग सरळ, नाक उताराकडे. वळून वाचायचा मोह होईल. वळू नकोस. चाकं जाम होऊन घसरत असतील तर ब्रेक किंचित सैल कर. गरज पडली तर पुढे नेणाऱ्या पेडलला हलका स्पर्श कर म्हणजे चाकं जमिनीच्या वेगाने फिरू लागतील. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण फिरणारं चाक दिशा देतं, घसरणारं देत नाही. मग पुन्हा हळूहळू ब्रेक.

क्लच, रेंज लिव्हर आणि किल्ली, या तिघांना हात-पाय लावायचा नाही. इंजिन बंद झालं तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. आणि उडी मारायची नाही. उडी मारणारा बहुधा स्वतःच्याच मागच्या चाकापुढे पडतो. रोलबार, म्हणजे उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट, उभा आणि सीट बेल्ट लावलेला असेल तर सीटवर बसून राहणं हीच सगळ्यात सुरक्षित जागा. रोलबार दुमडलेला असेल तेव्हा बेल्ट लावू नकोस, नाहीतर उलटलेल्या ट्रॅक्टरखाली तू बांधलेली राहशील. दुमडून चालवायची वेळच येऊ देऊ नकोस म्हणा. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर ही चौकट सक्तीची केली ती उगाच नव्हे.

उताराला आडवं चालवण्याबद्दल थोडक्यात. पुढचा आस मधल्या एका खिळीवर डुलतो, त्यामुळे तो डुलायचा थांबेपर्यंत कुशीवर पडताना पुढच्या चाकांचा आधार मिळत नाही. ट्रॅक्टर चार पायांवर उभा दिसतो, पण सुरुवातीला तोल सांभाळतो तो मागची दोन चाकं आणि ती खिळी एवढ्या तिघांवर. चाकांतलं अंतर १.२ मीटर असताना खालच्या बाजूचं चाक १५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं की कल ७ अंशांनी वाढतो, तोही एका क्षणात. बकेट गुडघ्याच्या वर नको. उंच गवतात खड्डा दिसत नाही, तेव्हा आधी उतरून चालत बघून ये.

उभा करताना सपाट जागा शोध. नसेलच तर पार्किंग ब्रेक, सगळी औजारं जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली खिशात आणि चाकांना ठोकळे. पार्किंग ब्रेकही मागच्याच चाकांना धरतो, हे आता तुला वेगळं सांगायला नको.

या आठवड्यात एक काम कर. मोकळ्या, सपाट मातीवर कडी लावून लो रेंजमध्ये सावकाश चालव, दोन्ही ब्रेक दाब, मग उतरून मागच्या चाकांचे ओरखडे बघ. एका बाजूचा लांब आणि दुसऱ्या बाजूचा तोकडा असेल तर पेडलांची ढील सारखी नाही. ती मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे जुळवून घे. मग पाय पूर्ण वर ठेवून, इंजिन चालू, तशीच बसून राहा. सपाटीवर पुढे किंवा मागे सरकत असेल तर पेडलच्या न्यूट्रलची जुळणी बिघडली आहे. तेलाची पातळी बघ. तेल भरताना कंपनीने सांगितलेलंच भर, कारण बहुतेक ट्रॅक्टरांत तुझे ब्रेकही त्याच तेलात बुडालेले असतात.

आणि ब्रेकची पेडलं तुझ्या ट्रॅक्टरला डावीकडे आहेत की उजवीकडे ते कळव. डावीकडे असतील तर कारची सवय तुला ऐन वेळी दगा देईल. मग इंजिन बंद ठेवून, डोळे मिटून, डावा पाय आपसूक तिकडे जाईपर्यंत रोज चार-दोन वेळा सराव करायचा. कुणी हसलं तर हसू दे.

तुझी
आई