बंब भंगारात घालण्याआधी पंप लावून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी गाडीला पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे झाली की ती मोडीत, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाने १६ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘५२-अ’ हा नियम घातला. केंद्र आणि राज्य सरकारे, महापालिका, नगरपालिका, पंचायती, राज्य परिवहन उपक्रम, सार्वजनिक कंपन्या, स्वायत्त संस्था हे सगळे त्यात आले. कुणी त्याआधी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले असेल तरी १५ वर्षे भरताच ते रद्द समजायचे आणि गाडी नोंदणीकृत मोडणी केंद्राला द्यायची. अशा गाड्या नऊ लाखांवर आहेत, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी त्याच महिन्यात सांगितले होते.

एसटीच्या बसबद्दल आमचे काही म्हणणे नाही. रोज तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर धावणारी बस बारा वर्षांत अकरा लाखांच्या पुढे जाते. तोवर तिची चेसी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि इंजिन दोन्ही दमलेली असतात. तिचा धूरही रोज, गर्दीतून जातो. ती वेळेवर थांबलीच पाहिजे. प्रश्न आहे तो कमी धावणाऱ्या पण अंगावर महागडी यंत्रणा वागवणाऱ्या गाड्यांचा: अग्निशमन बंब, उंच शिडीची गाडी, जोराच्या पाण्याने ड्रेनेज साफ करणारे जेटिंग मशीन, विंधण विहिरी घेणारी रिग, क्रेन. या गाड्यांना कॅलेंडरची फूटपट्टी लावली की चांगला माल भंगारात जातो.

छोट्या नगरपरिषदेचा बंब घ्या. आठवड्याला दोन वर्दी, प्रत्येक फेरी जाऊन-येऊन वीस किलोमीटर. वर्षाला दोन हजार किलोमीटर, पंधरा वर्षांत तीस-बत्तीस हजार. मालवाहू ट्रक एवढे अंतर चार-पाच महिन्यांत कापतो. अर्थात नुसत्या किलोमीटरवर भुलूनही चालत नाही. बंब जागेवर उभा राहून पीटीओवर (इंजिनाची ताकद पंपाला देणारी जोडणी) पंप ओढतो, तेव्हा काटा हलत नाही पण इंजिन झिजते. एक तास पंपिंग म्हणजे साधारण ४० ते ५० किलोमीटर धावण्याइतकी झीज धरतात. वर्षाला दीडशे तास पंप चालला असे मानले, तरी पंधरा वर्षांत ही झीज लाखभर किलोमीटरची होते. दोन्ही मिळून एक लाख तीस हजार. या वर्गातले डिझेल इंजिन नीट तेलपाणी मिळाले तर चार-पाच लाख किलोमीटरपर्यंत उघडावे लागत नाही. म्हणजे इंजिनाचे एक तृतीयांश आयुष्यही खर्च झालेले नसताना बंब मोडणी केंद्रात जातो.

तिथे त्याचे काय मिळते, तेही मांडू. रिकाम्या बंबाचे वजन सात टन आणि किलोला २५ रुपये धरले तर पावणेदोन लाख. ई-लिलावात बोली मोडणी केंद्रेच लावतात, त्यामुळे चालू गाडीचा भाव येण्याचा प्रश्नच नाही. पितळी-गनमेटलचे व्हॉल्व्ह, पंप, स्टेनलेसची टाकी, होज रील, सगळे एका वजनात. नवा बंब घ्यायचा तर चेसी, बॉडी आणि पंप मिळून अर्ध्या कोटीच्या घरात रक्कम लागते. वर निविदा, चेसीची खरेदी, बॉडी बांधणी आणि तपासणी यात वर्ष सहज जाते. त्या वर्षात गावाला बंब नसतो. शेजारच्या तालुक्याहून तो यायला चाळीस मिनिटे लागली, तर गवताच्या गंजीची आग गोठ्यापर्यंत पोचलेली असते.

नियमात सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरायच्या चिलखती व इतर विशेष वाहनांना. आग विझवणे त्या शब्दांत बसत नाही, आणि स्पष्ट आदेश नसताना सही करायला कुठलाही अधिकारी धजत नाही. खासगी मालकाला मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ खाली १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची नोंदणी मिळते. ट्रक-टँकर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घेऊन चालू राहतात. त्यामुळे पालिका स्वतःचा धडधाकट टँकर मोडीत घालते आणि उन्हाळ्यात त्याहून जुना टँकर भाड्याने लावू शकते. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर धावतात, एकच धूर सोडतात.

पूर्वी असे नव्हते. केंद्राच्या वित्तीय अधिकारांच्या जुन्या नियमांत जड वाहनाच्या निर्लेखनासाठी (सरकारी नोंदीतून काढून टाकण्यासाठी) १० वर्षे आणि ४ लाख किलोमीटर अशी जोड-अट होती, त्यातही जे उशिरा पूर्ण होईल ते धरायचे. शिवाय गाडी पुढे चालवणे परवडणार नाही, असा कार्यशाळेचा दाखला लागे. वय, धाव आणि हालत या तिन्ही गोष्टी बघणारा तो नियम शहाणपणाचा होता. आता फक्त वय उरले आहे. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या गाड्या आणि रुग्णवाहिका बदलण्यासाठी राज्यांना मदत जाहीर झाली, आणि राज्यांना द्यायच्या बिनव्याजी कर्जात ३,००० कोटी त्यासाठी ठेवले गेले. मोडण्याला बक्षीस आहे, टिकवण्याला काहीच नाही.

बंब चांगला की वाईट, हे ठरवायला दोन दिवस पुरतात. पहिली परीक्षा पंपाची, आणि ती कोरडी घ्यायची. सक्शन आणि डिलिव्हरीची सगळी तोंडे टोपणांनी बंद करून प्रायमर (पंपातली हवा ओढून काढणारे साधन) चालवायचा. पाऱ्याच्या २२ इंचांपर्यंत व्हॅक्यूम ओढला की प्रायमर बंद करून पाच मिनिटे काट्याकडे बघत बसायचे. दहा इंचांहून जास्त पडला तर कुठेतरी हवा शिरते आहे. बहुतेक वेळा ग्लँड पॅकिंग (पंपाच्या दांड्याभोवतीचे गळती अडवणारे भरण) सुकलेले असते, ड्रेन कॉक बसत नसतो किंवा सक्शनच्या टोपणातला वॉशर फाटलेला असतो. तिन्ही दुरुस्त्या काहीशे रुपयांत होतात. मग पाण्यावर चालवायचा: उघड्या हौदातून तीन मीटर उचल देऊन, ७ किलोचा दाब राखून. मिनिटाला १,८०० लिटरचा पंप ५,००० लिटरची टाकी पावणेतीन मिनिटांत भरतो. चार मिनिटे लागली तर त्याची ताकद सत्तर टक्क्यांवर आली. तेव्हाही दोष बहुधा इम्पेलरभोवतीच्या (पंपातल्या फिरत्या चक्राभोवतीच्या) वेअर रिंगचा असतो. गढूळ विहिरीतली वाळू तिला झिजवते. रिंग बदलली की पंप पुन्हा उभा राहतो.

इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर) प्रत्येक सिलिंडरला मोजावे. सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तरच पुढे उघडायचा विचार. तेलाची टोपी काढून ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने निसटणारा वायू) बघावा, गरम इंजिनावर ऑइल प्रेशर बघावे.

खरा निकाल चेसी देते. बंब २४ तास भरलेला उभा असतो. साडेचार हजार लिटर म्हणजे साडेचार टन पाणी पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) कायमचे. त्यामुळे गाडी न धावताही पाटे बसतात आणि टायर एकाच जागी दबतात. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण बाजूच्या भिंतीवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष वाचले तर तो आठ वर्षांचा निघतो आणि रबर तडकलेले असते. लोखंडी टाकी पाझरत असेल तर ते पाणी वर्षानुवर्षे चेसीच्या लाँग मेंबरवर (लांबीच्या मुख्य पट्टीवर) ठिबकते. क्रॉस मेंबरचे (आडव्या पट्टीचे) रिव्हेट आणि पाट्यांचे हँगर इथे हातोडीने ठोकून बघायचे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येऊन पापुद्रे पडले तर ती चेसी गेली, आणि अशी गाडी दहा वर्षांची असली तरी थांबवावी. तिला पंधरापर्यंत चालू द्यायचे, हा याच नियमाचा दुसरा दोष.

चेसी गेली म्हणून वरची यंत्रणा जात नाही. जेटिंगची टाकी आणि उच्च दाबाचा पंप, रिगचा मास्ट आणि काँप्रेसर, बंबाचा पंप आणि स्टेनलेसची टाकी नव्या चेसीवर बसवता येते. काम सोपे नाही. नवी चेसी निवडतानाच व्हीलबेस, प्रत्येक ॲक्सलवर येणारे वजन, पीटीओ फिरण्याची दिशा आणि त्याचे गुणोत्तर जुळवून घ्यावे लागते. सबफ्रेम (यंत्रणेखालची जोड-चौकट) यू-बोल्ट आणि ब्रॅकेटवरच बसवायची. लाँग मेंबरच्या पट्टीला भोक पाडले किंवा वेल्डिंग मारले की दोन वर्षांत तिथूनच तडा जातो. बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या मर्यादेचा सध्याचा टप्पा) चेसीवर सायलेन्सरच्या जागी मोठा डबा आणि धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावाची टाकी येते. ती नेमकी सक्शन पाइप आणि लॉकरच्या जागेत असते, म्हणून बाजूचे लॉकर नव्याने बांधावे लागतात. हे सगळे करूनही पंप, टाकी आणि फिटिंग्जचे पैसे वाचतात. यासाठी खरेदीच्या निविदेत ‘जुनी यंत्रणा नव्या चेसीवर’ असा पर्याय ठेवायला हवा, आणि यंत्रणा उतरवून उरलेली चेसी मोडणी केंद्राने घ्यावी, असे लेखी धोरण हवे.

एक गोष्ट नियमाच्या बाजूने सांगितली पाहिजे. जुन्या डिझेलचा धूर घातक आहे. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आले ते देशातल्या १३ शहरांत. त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. बाकी बऱ्याच ठिकाणी १ एप्रिल २०१७ पर्यंत बीएस-३ च्या गाड्या नोंदवल्या जात होत्या. पण वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या बंबाचा धूर शहराच्या हवेत किती भर घालतो, हेही बघावे. आणि नव्या गाडीची दुखणी वेगळी आहेत. बीएस-६ गाडीतला काजळी पकडणारा फिल्टर साफ व्हायला गाडी वीसेक मिनिटे चांगल्या वेगाने, तापून धावावी लागते. दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, ताकद कापली जाते. युरिया वर्षभर पडून राहिला तर नोझलवर पांढरे खडे धरतात. नवा बंब घेणाऱ्या प्रत्येक पालिकेने आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची मोकळी दौड लॉगबुकात सक्तीची करावी, नाहीतर ऐन आगीत तो रखडेल.

पंधरा वर्षांच्या आतच मरणाऱ्या गाड्यांचा हिशेब याहून वाईट आहे. जिल्हा-तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयाच्या आवारात कडुनिंबाखाली एक जीप उभी असते. तिची कुळकथा ठरलेली. क्लच प्लेट गेली, काम काही हजारांचे. अंदाजपत्रक वर गेले, शेऱ्यासह परत आले, आर्थिक वर्ष संपले. दरम्यान चालक निवृत्त झाला, पद भरले नाही. बॅटरीची वायर कुणी काढली नाही, म्हणून तीन महिन्यांत बॅटरी बसली आणि सल्फेट धरून कायमची गेली. ब्रेकच्या तेलाने ओलावा धरला, चाकातले सिलिंडर गंजून पिस्टन जाम झाले. टाकीतल्या डिझेलला पाणी सुटले, पंप आणि इंजेक्टर गंजले. उंदरांनी वायरिंग खाल्ले. मग दुसऱ्या गाडीसाठी तिचा सेल्फ काढला, नंतर अल्टरनेटर, नंतर दोन टायर. आता अंदाजपत्रक दीड लाखाचे झाले आणि निर्लेखन समितीला ‘दुरुस्ती परवडत नाही’ असे लिहायला आयते कारण मिळाले. ते कारण खरेही असते. पण क्लच प्लेट गेली त्या दिवशी ते खरे नव्हते.

यावर उपाय अवघड नाहीत. कार्यालयप्रमुखाला ठरावीक मर्यादेपर्यंत दुरुस्तीचा खर्च तिथल्या तिथे मंजूर करू द्यावा. ३० दिवसांहून जास्त उभ्या गाडीची यादी दर महिन्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी, उभी का आहे ते एका ओळीत लिहून. गाडी थांबवायचीच असेल तर बॅटरी काढून आत ठेवणे, टायरखाली ठोकळे देणे आणि पंधरवड्यातून एकदा इंजिन तापेपर्यंत चालवणे एवढे एका माणसाला जमते. एका खात्यात चालकाअभावी उभी असलेली गाडी दुसऱ्या खात्याला वर्ग करावी. पशुसंवर्धनाची जीप आरोग्य खात्याने वापरली म्हणून काही बिघडत नाही. प्रत्येक बंबाला, जेटिंगला आणि रिगला तासांचा मीटर बसवून त्याची नोंद किलोमीटरच्या शेजारी ठेवावी. तपासणी तेराव्या वर्षीच करावी. आज चौदाव्या वर्षी सहा नवे टायर आणि नव्या बॅटऱ्या चढतात आणि वर्षभरात गाडीबरोबर भंगारात जातात, कारण टायरची फाइल आणि निर्लेखनाची फाइल वेगवेगळ्या टेबलांवर असते. आणि मोडायचीच ठरली, तर ती तीन महिन्यांत मोडणी केंद्रात पोचावी. आवारात तीन पावसाळे भिजलेल्या गाडीचे वजनही कमी भरते.

राज्याच्या परिवहन आणि नगरविकास विभागांनी केंद्राकडे एक मागणी लेखी करावी. अग्निशमन, जेटिंग, विंधण आणि बचावकार्याच्या गाड्यांना ५२-अ मधून वगळावे, किंवा खासगी मालकाप्रमाणे स्वयंचलित तपासणी केंद्रातून पास झाल्यास पाच वर्षांची वाढ द्यावी. उत्तर येईपर्यंत येत्या दोन वर्षांत १५ वर्षे भरणाऱ्या प्रत्येक बंबाची वर सांगितलेली पंपाची आणि चेसीची परीक्षा घ्यावी आणि तिचा निकाल, आकड्यांसह, संबंधित नगरपरिषदेच्या फलकावर लावावा.

आपले,
वाहन दुरुस्ती-देखभाल क्षेत्रातील काही वाचक, सोलापूर